चौथी फळी

संताजीराव : ...तर फळ्या चार, सार. तिनांवर रंधा मारून झालाय. टीव्हीखालचं कपाट होतंय त्यात, वर दोन ट्रे, आरशाला एक चौकट. झोपाळा पाहिजे म्हणाल तर ही चौथी पण लागेल.

रविकिरण : चौथी तशीच का ठेवलीत?

संताजीराव : सांगतो. आधी तुमच्या आईंना बसू तर द्या. या अक्का, या स्टुलावर. किती वर्षांनी लष्कर मोहल्ल्यात!

जमुनाबाई : हा आणत होता कुठं? सुम्ने, गप घरी बस म्हणतो. मीच हट्ट केला. सासऱ्यांचं छपाईचं मेज ते, चाळीस वर्षं साड्या छापल्यात मी त्याच्यावर. त्याचं काय होतंय ते डोळ्यानं बघावं म्हटलं.

संताजीराव : छपाईचं मेज? सार तर म्हणाले, राजवाड्यातल्या जुन्या दाराचं सागवान आहे म्हणून.

जमुनाबाई : राजवाड्यातलं?

रविकिरण : आई, गृहप्रवेशाला बँकेतली सगळी माणसं येणार. त्यांना सांगितलं तसं. मग यांनाही तेच सांगितलं.

जमुनाबाई : रंगाऱ्याचं मेज म्हणायला लाज वाटली.

रविकिरण : वाटली.

जमुनाबाई : अय्यो. आणि ह्या तिन्ही अशा कोऱ्या का? उलटी कर बघू ती, संताजी. खालचं अंग दाखव.

संताजीराव : दोन्ही अंगांनी तासल्यात, अक्का.

जमुनाबाई : मग हात? हात कुठं गेले? अरे, दसऱ्याच्या आयुधपूजेला मेजाची पूजा झाली की घरातल्या प्रत्येकानं खालून हाताचा ठसा उठवायचा. डिंकात नीळ कालवून. दरवर्षी ज्याचा त्याचा हात त्याच जागी. सासूबाईंचा होता या फळीवर, अंगठा वाकडा. त्याच्या शेजारी माझा, लग्नाच्या पहिल्या वर्षाचा. तुला दिसले नाहीत?

संताजीराव : दिसले, अक्का. मशीन बंद करून सारना फोन केला मी.

रविकिरण : संताजीराव...

संताजीराव : खोटं कसं बोलू, सार? आईसमान आहेत त्या. अक्का, सार म्हणाले, डागच ते, मारा रंधा. दोन सूत जाडी गेली लाकडाची.

जमुनाबाई : डाग म्हणाला?

रविकिरण : म्हणालो. मला माहीत होतं ते काय आहे. माहीत असून म्हणालो.

(जमुनाबाई कोऱ्या फळीवरून हात फिरवत राहतात.)

संताजीराव : चौथीवर मात्र माझा हात चालेना. बघा, हा केवढा पंजा. थर चढलाय निळीचा.

जमुनाबाई : ह्यांचाच. ओळखते की मी.

रविकिरण : बाबांचा हात... थांबा. त्याच्या बाजूचं तर तुम्हीच तासलंय, संताजीराव! एवढा चौकोन कोरा कसा? न विचारता हात का लावलात?

संताजीराव : नाही सार. बोट फिरवून बघा. रंधा लागला असता तर खड्डा लागला असता हाताला. ते आधीपासून कोरंच आहे.

जमुनाबाई : ती तुझी जागा आहे, रवी.

रविकिरण : माझी?

जमुनाबाई : सातवीत होतास. दसऱ्याला म्हणालास, मी हात नाही बुडवणार, शाळेत हसतात. हे म्हणाले, बेडा, नको तर नको. पण कुणाला तिथं हात उठवू दिला नाही. मरेपर्यंत दरवर्षी आपला हात उठवायचे आणि शेजारची जागा फडक्यानं पुसून ठेवायचे.

रविकिरण : मला कधी बोलले नाहीत.

जमुनाबाई : काय बोलणार? त्याच वर्षी तुझा डबा द्यायला शाळेत आले होते. पोरांनी विचारलं हे कोण, तर तू म्हणालास, आमच्या घरचा कामाचा माणूस.

रविकिरण : तुला माहीत आहे ते?

जमुनाबाई : त्याच दिवशी सांगितलं त्यांनी. हसत हसत सांगितलं. मग चिंच आणि चुना घेऊन न्हाणीत हात घासत बसले तासभर. कातडी निघाली, नीळ काय निघाली नाही. त्यानंतर ते तुझ्या शाळेत कधी आले नाहीत. तू विचारलंस का कधी, का येत नाहीत म्हणून?

रविकिरण : नाही. बरंच झालं, असं वाटायचं. आई, मला तोंड दाखवायला जागा नाही.

जमुनाबाई : नाहीच आहे.

संताजीराव : अक्का, जाऊ द्या. ह्या फळीचं काय करू ते सांगा. म्हणाल तर तशीच गुंडाळून देतो.

जमुनाबाई : गुंडाळून काय माळ्यावर टाकायची? पाट कर. स्वल्प रुंद कर, दोघं बसतील असा. हात खालच्या अंगाला राहू देत, होते तसे. आणि रवी, राजवाड्याचं नाव काढू नकोस कुणाजवळ.

संताजीराव : आयतु अक्का, करतो तसंच. दसऱ्याच्या आत देतो.

रविकिरण : आई, नीळ मिळते का अजून? ती पक्की?

जमुनाबाई : माझ्या डब्यात आहे. दरवर्षी काढून बघते आणि ठेवून देते.

रविकिरण : यंदा कालवशील?

जमुनाबाई : कालवीन. पण आठवडाभर जायची नाही हातावरची.

रविकिरण : दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बँक उघडते.

जमुनाबाई : मग रजा घेऊ नकोस.