मामांची मेलेली दाढ

आमच्या अहमदपूरच्या मामांना काही समजावून सांगायचं म्हणजे डोक्याला ताप, राव! दाढ लई ठणकत होती म्हणून मी त्यांना लातूरला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी रूट कॅनाल केलं आणि म्हणाल्या, "काका, दाढेतली नस काढली. आता दाढ मेली समजा, दुखणार नाही."

मामा दचकले. "मेली? मग उपटून टाका की!"

"कशाला? मुळं घट्ट आहेत. वर कॅप बसवली की आरामात चावाल."

"मेलेली दाढ चावंल कशी?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं, मी छताकडं.

दुसऱ्या दिवशी मामींचा फोन. "काय करून आणलंस रे ह्यांचं? देवाला हात लावंनात. पूजा मलाच करायला लावली. म्हणतात, तोंडात मयत हाय."

मला वाटलं, चेष्टा करत असतील. पण आठवड्यानं डॉक्टरीणबाईंनी फोन करून विचारलं, "तुमचे मामा कॅप बसवायला का आले नाहीत?"

मी लगेच मामांना फोन लावला. "मामा, चला की! कॅप नसली तर दाढ फुटंल."

मामा हळूच म्हणाले, "येतो रे. आधी तिची तेरवी तर होऊ दे."