एल्डन निस्कालाची धुतलेली सॅक

नाव: आर्डिस निस्काला. वय: ६१ वर्षे. व्यवसाय: शाळेच्या स्वयंपाकघरात मुख्य स्वयंपाकीण, गेल्या वर्षी निवृत्त. राहणार: तलावाकाठचा रस्ता, लूनफील्ड, मिशिगनचा उत्तर भाग.

मला ठाण्यातून बोलावणे आले नव्हते. मी आपल्या पायांनी आले आहे आणि पूर्ण शुद्धीत सांगते की, मयत एल्डन निस्काला, वय ६४, हा माझा नवरा. माझा दीर डॅरेल निस्काला याने गेल्या मंगळवारी याच ठाण्यात तक्रार दिली आहे. शोधासाठी आणलेले कुत्रे निकामी होते, कुत्रे सांभाळणाऱ्या जोलीन बर्क यांनी हयगय केली, आणि म्हणून एल्डन वेळेत सापडला नाही, असे त्याचे म्हणणे. ते चुकीचे आहे. डॅरेल वाईट माणूस नाही, त्याला कोणावर तरी ओरडायचे आहे. काय झाले ते मला माहीत आहे म्हणून मी हा जबाब देत आहे.

एल्डनकडे शिकारीची एक हिरवी सॅक होती. आमच्या लग्नाआधीपासूनची. तिला वास येत असे. कसला म्हणाल तर सगळ्याचाच: हरणाच्या रक्ताचा, रॉकेलचा, धुरावलेल्या माशाचा, तंबाखूचा, त्याच्या घामाचा. एकदा डॅरेलच्या कुत्र्याने तिच्यावर पाय वर केला होता, तो वासही त्यात होता. मी ती सॅक कधी घरात येऊ दिली नाही. ती गॅरेजमधल्या खुंटीला असे. स्वच्छतेच्या बाबतीत मी कडक आहे हे गावात कोणालाही विचारा. शाळेत हाताखालच्या बायका माझ्यामागे मला फिनेल म्हणत, आणि मला ते माहीत होते.

आमच्याकडे शिकारीचे कपडे साध्या साबणाने धुवत नाहीत. हरणाच्या डोळ्यांत धूळ फेकता येते, नाकात येत नाही. म्हणून मोसमाआधी घरोघरी टोपीपासून मोज्यांपर्यंत सगळे खाण्याच्या सोड्यात धुतात, बाहेर दवात-थंडीत वाळवतात आणि देवदाराच्या डहाळ्या घालून झाकणाच्या पेट्यांत बंद करतात. पुरुष आदल्या दिवशी सौनात, म्हणजे लाकडी वाफेच्या खोलीत, बसून घाम काढतात, बिनवासाच्या साबणाने अंग घासतात. एल्डन हे सगळे करी, फक्त सॅक धुऊ देत नसे. तिच्यात नशीब आहे म्हणे. मात्र गेले चार मोसम तो रिकाम्या हाताने परत आला होता. कॅम्पवर, म्हणजे त्यांच्या जंगलातल्या खोलीवर, तिघे असत: एल्डन, डॅरेल आणि शेजारचा कार्ल हेइकिनन. बाकीचे दोघे त्याला बोलून बोलून हैराण करत.

"एल्डन, या वर्षी सॅकला एक दिवस आधी पाठव," कार्ल म्हणायचा. "हरणं जिल्हा सोडून जातील आणि आपण निवांत पत्ते खेळू."

"जिल्हा कसला, कॅनडात जातील," डॅरेल म्हणायचा.

एल्डन त्यांच्यासमोर हसायचा आणि घरी येऊन गप्प बसायचा. ऑक्टोबर संपता संपता त्याने ती सॅक आणून माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली.

"घे. धू."

"बरं वाटतंय ना तुला?" मी विचारले.

"डॅरेलचं तोंड बंद करायचंय."

"मग सॅक कशाला, डॅरेललाच भिजत घालू."

त्यावर तो खूप हसला. जबाबात हसण्याची नोंद करत नसतील, पण करावी.

सॅक मी कशी धुतली ते सांगते, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. आधी उलटी करून झटकली. रक्ताच्या डागांना थंडच पाणी लावले. गरम पाण्याने रक्त धरून बसते. पट्ट्यांना सोड्याचा लेप दिला, शिवणी दात घासायच्या जुन्या ब्रशने घासल्या, मग व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून ठेवली. पाणी चहासारखे निघाले. ते ओतून पुन्हा तेच केले, पाणी नितळ येईपर्यंत. हातमोजे मला चालत नाहीत, मी सगळे उघड्या हातांनी केले. नंतर ती कित्येक रात्री बाहेर दोरीवर गोठत ठेवली. रोज सकाळी मी तिच्यात नाक घालून बघत असे आणि जरा जरी शंका आली तरी पुन्हा सोडा चोळत असे. मला जिद्द चढली होती. एवढ्या वर्षांनी ती सॅक माझ्या हाती लागली होती.

शेवटी एल्डनला बोलावले. त्याने आत तोंड घालून लांब श्वास घेतला.

"आर्डिस, ही आता कुणाचीच वाटत नाही."

"मग जमलं," मी म्हटले.

निघायच्या दिवशी सॅक मीच भरली. मांस-बटाटा भरून भाजलेली पेस्टी, काड्यापेटी, शिट्टी, दोरी, आणि त्याचा फोन. तो कार्लच्या गाडीतून गेला. नवरा कॅम्पवर गेला की घर उपसून काढायचे ही माझी दरवर्षीची पद्धत. त्याच दुपारी मी पलंगावरच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, त्याचे घरातले कपडे, सपाता, त्याच्या गाडीच्या सीटचे अभ्रेसुद्धा धुऊन टाकले. मला कोणी सांगितले नव्हते. मला तसे आवडते म्हणून केले.

मोसमाच्या पहिल्या दिवशी अंधार पडल्यावर डॅरेलचा फोन आला की एल्डन मचाणावरून परतलेला नाही. दुपारपासून बर्फ पडत होते. मचाणाच्या शिडीला सॅक लटकलेली होती, फोन तिच्यातच वाजत होता. त्याने हरीण जखमी केले आणि ओझे नको म्हणून सॅक तिथेच ठेवून, फक्त बंदूक घेऊन तो मागावर गेला, हे पुढे उघड झाले. माग बर्फाने बुजला होता. हरवलेल्या माणसाने लागोपाठ तीन बार काढायचे अशी आमच्याकडे खूण आहे. कार्लने तीन बार ऐकलेही होते. पण पहिल्या दिवशी चहूकडे बारच बार असतात. "आज कुणाचं तरी नशीब फळफळलं," असे म्हणून तो आपल्या जागी बसून राहिला. हे त्याने मला स्वतः रडत सांगितले. त्याला याबद्दल काही विचारू नये अशी माझी विनंती आहे.

रात्रभर गावातली माणसे बॅटऱ्या घेऊन हिंडली. गारठून आली की खोलीतल्या ज्या मिळेल त्या पांघरुणात शिरली. सकाळी जोलीन बर्क त्यांचा कुत्रा टकर याला घेऊन आल्या. मीही तोवर तिथे पोचले होते. खोलीतली पांघरुणे बघून त्यांनी मान हलवली. त्यांवर गावाचा वास होता, एकट्या एल्डनचा नव्हता.

"मिसेस निस्काला, त्यांची एखादी न धुतलेली वस्तू हवी," त्या म्हणाल्या. "उशीचा अभ्रा, मोजा, काहीही चालेल. मी माणूस पाठवते घरी."

"नाही."

"घाई नाही, आठवून सांगा. धुण्याच्या टोपलीत काही?"

"टोपली रिकामी आहे. सगळं धुतलंय."

त्या स्वतः शिकारी घरातल्या आहेत. त्यांना कळले. "मग सॅकवर बघू," एवढेच म्हणाल्या. सॅक आदल्या रात्रीपासून शिडीलाच होती. त्यांनी हातमोजे घालून ती काढली, उघडली आणि टकरपुढे धरली.

टकरने आत नाक घातले. तो मचाणाभोवती फिरला, देवदारांकडे गेला, तिथून परत आला. मग आम्ही उभे होतो त्या रांगेवरून नाक फिरवत आला आणि माझ्यापुढे बसला. माणूस सापडले की बसायचे, असे त्याला शिकवलेले आहे.

जोलीनबाईंनी त्याला मागे नेले, मला रांगेतून लांब उभे केले आणि पुन्हा सॅक दिली. तो पुन्हा माझ्यापुढे येऊन बसला. तिसऱ्या वेळी त्याने माझ्या बुटावर पंजा ठेवला आणि बक्षिसासाठी वर बघितले. डॅरेल ओरडला, "अरे, हे कसलं कुत्रं! ती इथंच आहे, मूर्खा, ती हरवलेली नाही!"

म्हणून मी सांगते की कुत्र्याने त्याचे काम चोख केले. सॅकवर ज्या माणसाचा वास होता ते माणूस त्याने तीनदा शोधून दिले. सॅकवर माझे हात होते. एल्डनचा वास मी पिळून मोरीत सोडला होता. जोलीनबाईंनी त्यानंतरही दिवसभर वाऱ्यावर येईल तो माणसाचा वास शोधत कुत्रा फिरवला, त्यांची बोटे थंडीने सुजली होती, ती मी पाहिली आहेत. वारा उलटा होता.

दुसऱ्या दिवशी रांग धरून चालणाऱ्या माणसांना एल्डन ओढ्यापलीकडच्या दलदलीत सापडला. बर्फाळ ओंडक्यावरून घसरून मांडीचे हाड मोडले होते. अंगावर त्याने हाताला येतील तेवढ्या देवदाराच्या फांद्या ओढून घेतल्या होत्या. शेजारी रिकामी काडतुसे होती. मी डॉक्टरांना सरळ विचारले आणि त्यांनीही सरळ उत्तर दिले, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. पहिली रात्र त्याने काढली होती. टकर माझ्यापुढे बसला तेव्हा एल्डन जिवंत होता.

त्याच्या पलीकडे थोड्याच अंतरावर त्याने जखमी केलेले हरीण, मोठा नर, मरून पडला होता. शिंगे एवढी मोठी की ती धरून त्याला ओढायला दोघे लागले. गोळीची जखम बघून कार्ल म्हणाला की इतक्या जवळून मारलेले हरीण त्याने जन्मात पाहिले नाही. गोळी लागेपर्यंत हरणाला काही कळले नव्हते. म्हणजे मी सॅक चांगली धुतली होती.

हे सांगायला जाऊ नकोस म्हणून डॅरेलने काल माझे हात धरले. "आर्डिस, तुला कोण काय म्हणतंय? त्यानंच सांगितलं होतं धुवायला!" ते खरे आहे. पण चादरी त्याने सांगितल्या नव्हत्या. मला शिक्षा हवी म्हणून मी आलेली नाही. धुणे हा गुन्हा नाही हे मलाही समजते. टकर या कुत्र्याला कामावरून काढू नये आणि जोलीनबाईंच्या नावावर ठपका राहू नये, एवढेच माझे मागणे आहे. बाकी माझे मी बघेन. रात्री मी पलंगावर त्याच्या जागी झोपून त्याची उशी हुंगते. तिला सोड्याचा वास येतो. बेचाळीस वर्षांचा संसार, आणि घरात त्याचा कुठे मागमूस नाही.

काल मी अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्यांकडे गेले होते. त्याच्या अंगावर सापडलेला लोकरी शर्ट जसा असेल तसा मला हवा होता. तिथल्या बाई वयाने लहान आहेत, स्वभावाने फार चांगल्या. त्यांनी शर्ट इस्त्री करून, घडी घालून, कागदात बांधून ठेवला होता.

"रक्त होतं आणि वासही फार होता," त्या म्हणाल्या. "तुम्हाला त्रास नको म्हणून मी स्वतः हाताने धुतला. दोनदा. आता काही म्हणजे काही राहिलेलं नाही."

मी त्यांचे आभार मानले. तसा वास काढायला किती मेहनत लागते, हे मला माहीत आहे.

वरील मजकूर ठाणे अंमलदार लिंडहोल्म यांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी बोलले तेच आणि तेवढेच त्यात उतरले आहे. हा जबाब कोणाच्या दबावाखाली दिलेला नाही. बरोबर आहे.

सही: आर्डिस निस्काला