प्लॉटसंगं घर घ्या लागते

आमचं भद्रावतीचं घर विकलं मी, पण खरा सौदा केला माह्या बायकोनं. ऐका तर.

घराच्या बाजूले आमचाच रिकामा प्लॉट. गिऱ्हाईक आलं एक, तीन पोरींचा बाप. म्हणे, "घराचे पैसे देतो. मोकळ्या जागेचं मले काय काम? ते फुकटच द्या." दलालही म्हणे, "देऊन टाका भाऊ."

बायको म्हणाली, "रविवारी वहिनीले घेऊन या, मंग बोलू."

रविवारी त्या प्लॉटवर शेजाऱ्याच्या पोरीचं लग्न होतं. मोठा मांडव, चुलीवर वांग्याची भाजी, पंगत बसलेली. गिऱ्हाइकाच्या बायकोनं विचारलं, "हे कोणाच्या जागेत?"

"आमच्याच," माह्यी बायको म्हणाली. " गल्लीतले सारे लग्नं इथीच लागतेत. हॉल काऊन करा लागते?"

ते बाई नवऱ्यावर भडकलीच. "तीन पोरी हायेत आपल्या! घर राहू द्या, आधी हा प्लॉट घ्या."

तो हळूच म्हणे, "नुसत्या प्लॉटचं काय घ्याल?"

माह्यी बायको बुंदी वाढत म्हणाली, "नुसता नाई विकत, भाऊ. प्लॉटसंगं घर घ्या लागते."

पंगत उठाच्या आधी दोन्हीचा पुरा भाव ठरला अन् बयाना माह्या हातात होता.