शिकारीच्या रविवारी डोंगर गप्प झाला

तोस्कानातल्या त्या डोंगरगावात फिओरेल्ला पावाच्या रांगेत उभी होती. पुढे शिकाऱ्यांचा म्होरक्या ओरेस्ते आणि त्याची शेजारीण नीवेस बोलत होते.

“आर्जियामावशीच्या कुत्र्या सापडल्या म्हणे, ओरेस्तेमामा?”

“दोन्ही. आमच्या बंदुकांना बिचकून पळाल्या होत्या.”

“तुम्ही शोधल्यात? शिकारीपायी ती तर तुमचं तोंडही बघत नाही!”

“काल थेट रानात आली. रानडुकरांचा हाकारा ऐन रंगात, आणि ही बाई बंदुकांसमोर उभी!”

“बाई गं! भांडली?”

“भांडली असती तर बरं. म्हणाली, ‘घटकाभर गप्प बसा. मला ऐकू द्या.’”

“आणि बसलात?”

“मी शिंग फुंकलं. बंदुका थांबल्या. पलीकडच्या गावचे शिकारी, आपले जन्माचे वैरी, तेही थांबले. नीवेस, माझा जन्म त्या डोंगरात गेला, पण चेस्टनटचं पान पडताना काल पहिल्यांदा ऐकलं.”

“मग?”

“मग पायाखालून आवाज आला. बारीक, बसलेला. साळिंदराच्या बिळात धाकटी अडकलेली, आणि थोरली तिला बिलगून बसलेली. वैऱ्यांनीसुद्धा हातांनी माती उकरली.”

“मावशी काय म्हणाली?”

“दोघींना जवळ घेऊन मातीतच बसली. तेवढ्यात झाडीतून रानडुकरीण निघाली, मागे पिल्लं. आमच्या अगदी समोरून, सावकाश गेली.”

“आणि तुम्ही?”

“बघत राहिलो.”

“एकानेही बंदूक उचलली नाही?”

“एकानेही नाही.”

पाववाली मघापासून हाका मारत होती, पण रांगेतलं कुणी पुढे सरकलं नाही.