जपून ठेवलेला पासवर्ड

ऑपरेशनआधीच्या रिपोर्टसाठी बाई लॅबच्या खिडकीपाशी बसल्या होत्या. शेजारी नवरा, कानाने जरा अधू. आतलं बोलणं बाईंना स्पष्ट ऐकू येत होतं.

"नवा कॉम्प्युटर आला ना? मग घोडं अडलंय कुठे?"

"साहेब, तो अगदी कोरा आहे. सगळ्या रिपोर्टांचा बॅकअप चढवतोय, तर पासवर्ड मागतोय."

"मग दे की!"

"तो जपून ठेवलाय."

"कुठे?"

"जळलेल्या कॉम्प्युटरमध्ये."

"अरे, पेटीची किल्ली पेटीतच ठेवलीस?"

"बॅकअप मात्र रोज घेत होतो, साहेब."

"आणि उघडून कधी पाहिलास?"

"तशी वेळच आली नव्हती."

नवऱ्याने बाईंचा हात हलवला. "काय म्हणतायत गं? रिपोर्ट मिळेल ना?"

"हो तर. जपून ठेवलाय म्हणतायत."