लोखंडी खाटंची हौस

हसू नका, पण दवाखान्यात बाळंत व्हायची हौस मला निस्त्या खाटंपायी होती. निजामाचं राज बुडवणाऱ्या पोलीस ॲक्शनला दोन वर्षं झाली होती अन् तालुक्याच्या दवाखान्यात लोखंडी खाटा आल्यात, असं आमच्या खजुरी गावात कळलं होतं.

सासू म्हणायची, "आमी काय खाटा बघून बाळंत झालो व्हय?"

मी ऐकलं न्हाई. कळा सुरू झाल्या तशी मालकांनी बैलगाडी जुंपली. सासूबी तोंड फुगवून संग आली.

खाटंवर चढले, खाली बघितलं अन् खाटंची कड घट्ट धरली. "नर्सबाई, एवढ्या उंचावरून लेकरू पडलं तर?"

ती समजावायली तवर मी उतरून खाटंखाली शिरले. खाटंचे दोन पाय धरले ते सोडलेच न्हाई. शेवटी बिचारी पदर खोचून माझ्यामागं रांगत आली.

गाडीच्या धक्क्यांनी सासूची जुनी दुखरी कंबर पुन्हा धरली होती. खाट मोकळी दिसली तशी ती आडवी झाली. वरून म्हणली, "बरी हाय की गं!"

तेवढ्यात डॉक्टर आले. चादर खालपर्यंत लोंबायली होती, आमी दोघी त्यांना दिसलोच न्हाई. पिकल्या केसांच्या बाळंतिणीकडं बघून ते चाचरले. "अम्मा, दर्द कबसे है?"

"वीस वर्षं झाली, बाबा."

इतक्यात खालून लेकरानं टाहो फोडला. डॉक्टर दोन पावलं मागं सरले.

सासू जागची हलली न्हाई. "ते सुनंचं हाय, तिचं झालं. तुमी माझी कंबर बघा."