मिश्राजींचा एकच सवाल

काय सांगू गा, परवा चहाच्या वेळी मी चांगलाच फसलो! दिवाळी अंकातली माझी प्रेमकथा बायकोनं दोनदा वाचली, छान आहे म्हणे. आमचे नंदनवन वस्तीतले शेजारी मिश्राजी हिंदीवाले, आता कुठं हौसेनं मराठी वाचाले शिकून राहिले; त्यायनंही ती वाचली. बायकोसमोरच मी त्यायले गमतीनं विचारलं, "समजली का कथा?"

"समजली. एकच सवाल आहे. कथेतली ती पारशिवनीची बाई अजून तिथंच राहते का?"

"अहो, काल्पनिक आहे ते!"

"मग तिच्या घरापर्यंतचा रस्ता एवढा पाठ कसा?"

बायकोनं हातातली बशी खाली ठेवली. "मराठी तर माझी मायबोली आहे," ती मले म्हणे, "मंग मले काहून नाही समजली?"